मूलद्रव्यांना क्रमांक मिळाला तेव्हा

कार्बनचा अणुअंक ६, ऑक्सिजनचा ८, लोखंडाचा २६, सोन्याचा ७९. शाळेत हे आकडे इतक्या लवकर पाठ होतात, की ते कोणाला तरी शोधून काढावे लागले असतील हे मनातही येत नाही. १९१२ साली एखाद्या नामवंत रसायनतज्ज्ञाला लोखंडाचा क्रमांक नेमका कितवा, असे विचारले असते, तर त्याला ठामपणे काहीच सांगता आले नसते. आवर्तसारणी तेव्हा ४३ वर्षांची होती, पण तिच्यात प्रत्येकाची जागा ठरत होती ती अणूच्या वजनावरून. वजन ही मूलद्रव्याची खरी ओळख नव्हे, ही गोष्ट मोजमाप करून सिद्ध केली मँचेस्टरच्या प्रयोगशाळेतल्या हेन्री मोझ्ली या २५ वर्षांच्या तरुणाने, १९१३ च्या शरदात. त्यानंतर दोन वर्षे पुरी व्हायच्या आत गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया ज्या कामावर उभा आहे, ते काम एवढ्याशा अवधीत झाले.

त्याने नेमके काय केले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८६९ मध्ये सेंट पीटर्सबर्ग इथे दिमित्री मेंडेलीव्ह यांनी तेव्हा माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली आणि ठरावीक अंतराने सारखे गुणधर्म पुन्हा पुन्हा येतात हे दाखवून दिले. त्यांचे मोठेपण एवढ्यावर थांबत नाही. जिथे साखळी जुळत नव्हती तिथे त्यांनी जागा मोकळ्या सोडल्या आणि त्या जागी येणारी मूलद्रव्ये कशी असतील हेही सांगून टाकले. १८७५ मध्ये गॅलिअम, १८७९ मध्ये स्कँडिअम आणि १८८६ मध्ये जर्मेनिअम सापडले. तिन्ही त्यांच्या वर्णनाशी जुळणारी निघाली आणि सारणीवर जगाचा विश्वास बसला.

तरीही या इमारतीत काही दगड वाकडे बसले होते. टेल्युरिअमचा अणुभार १२७.६ आणि आयोडीनचा १२६.९. वजनाप्रमाणे आयोडीन आधी यायला हवे. पण आयोडीन उघडउघड क्लोरीन-ब्रोमीनच्या घराण्यातले, त्यामुळे मेंडेलीव्ह यांनी टेल्युरिअम आधी ठेवले आणि त्याचे वजन मोजताना काही चूक झाली असावी असे मानले. पुन्हा पुन्हा मोजूनही वजन तेवढेच भरले. १८९४ मध्ये आरगॉन सापडला, तो पोटॅशिअमपेक्षा जड. वजनाप्रमाणे लावायचे तर निष्क्रिय वायू सोडिअमच्या रांगेत आणि पोटॅशिअमसारखा पाण्यात पेट घेणारा धातू निष्क्रिय वायूंच्या रांगेत जातो. कोबाल्ट आणि निकेल यांची वजने जवळजवळ सारखी, त्यातही कोबाल्ट किंचित जड. गुणधर्म मात्र कोबाल्टला आधीची जागा द्या म्हणत होते. वजनाचे ऐकावे तर रसायन बिघडते आणि रसायनाचे ऐकावे तर वजन खोटे पडते, असा हा पेच होता.

त्याहून मोठा गोंधळ दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा. बेरिअम आणि टँटलम यांच्यामध्ये येणारे हे धातू एकमेकांशी इतके मिळतेजुळते, की ते वेगळे करायला रसायनतज्ज्ञांना हजारो वेळा स्फटिकीकरण करावे लागे. दर काही वर्षांनी कोणीतरी नव्या धातूचा दावा करी, दुसरा तो खोडून काढी. मुळात असे धातू आहेत तरी किती, या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते. वजनांवर आधारलेल्या यादीत दोन नावांच्या मध्ये आणखी किती नावे बसू शकतात, हे सांगता येत नाही. अडचणीचे मूळ तिथेच होते.

उत्तर अणूच्या आत होते आणि त्या आतल्या भागाचा पत्ता मँचेस्टरमध्येच लागला होता. १९०९ मध्ये अर्नेस्ट रदरफोर्ड यांच्या देखरेखीखाली हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण सरळ पार गेले, पण हजारोंत एखादा चक्क मागे फिरला. त्यावरून १९११ मध्ये रदरफोर्ड यांनी मांडले, की अणूचे जवळजवळ सगळे वजन आणि सगळा धनप्रभार मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेला असतो, बाकीची बहुतेक जागा रिकामी असते आणि त्या जागेत इलेक्ट्रॉन असतात. हा प्रभार किती, याचा अंदाज त्यांच्या प्रयोगातून फक्त ढोबळ निघत होता: अणुभाराच्या सुमारे निम्मा. त्याच सुमारास आंटोनियस व्हान डेन ब्रूक या हौशी डच अभ्यासकाने एक धाडसी कल्पना मांडली. हा माणूस व्यवसायाने वकील. त्याचे म्हणणे असे, की सारणीत मूलद्रव्य ज्या क्रमांकावर बसते, तेवढाच त्याच्या केंद्रकावरचा प्रभार असला पाहिजे. कल्पना मोहक होती, पण तिला पुरावा नव्हता.

हा पुरावा आणला मोझ्लीने. त्याचा जन्म २३ नोव्हेंबर १८८७ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेमथ गावातला. घरात विज्ञान दोन्हीकडून आलेले. वडील हेन्री नॉटिज मोझ्ली हे 'चॅलेंजर' या प्रसिद्ध सागरी मोहिमेवर गेलेले निसर्गअभ्यासक आणि नंतर ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक. आईचे वडील शंखशिंपल्यांचे तज्ज्ञ. मुलगा चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा वडील वारले. त्याला आईने वाढवले, आणि पुढे त्याने तिला लिहिलेल्या पत्रांतून त्याच्या कामाचे बारकावे आपल्याला कळतात. ईटनची शाळा आणि ऑक्सफर्डचे ट्रिनिटी कॉलेज संपवून १९१० मध्ये तो रदरफोर्ड यांच्याकडे आला. कामाला बसला की त्याला वेळेचे भान राहत नसे. मँचेस्टरमध्ये पहाटे तीन वाजता जेवण कुठे मिळते हे मोझ्लीला ठाऊक होते, अशी आठवण त्याचा सहकारी चार्ल्स गॅल्टन डार्विन याने नोंदवली आहे. हा डार्विन म्हणजे उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचा नातू.

१९१२ मध्ये जर्मनीतून बातमी आली, की माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठवले असता त्यांचे विवर्तन होते. क्ष-किरणांची तरंगलांबी मोजण्याचे साधनच त्यातून हाती आले. मोझ्लीला या विषयाने झपाटले. रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांचा जाणकार कोणी नव्हता, म्हणून तो लीड्सला विल्यम ब्रॅग यांच्याकडे जाऊन तंत्र शिकून आला. प्रत्येक धातूवर मारा केला की तो आपले खास असे क्ष-किरण बाहेर टाकतो, हे चार्ल्स बार्कला यांनी आधीच दाखवले होते. त्यांतल्या दोन गटांना त्यांनी 'के' आणि 'एल' अशी नावे दिली होती. १९१३ च्या जुलैमध्ये, इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती ठरावीक कक्षांत फिरतात असे मांडणारा नील्स बोरचा अणूविषयीचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास बोर मँचेस्टरला आला, तेव्हा मोझ्ली आणि डार्विन यांच्याशी त्याची याच विषयावर चर्चा झाली. हे खास किरण अणूच्या अगदी आतल्या कक्षांतून येत असतील, तर केंद्रकावरच्या प्रभाराचा ठसा त्यांच्यावर उमटलाच पाहिजे. मोझ्लीने तो ठसा वाचायचे ठरवले.

त्याने उभारलेली मांडणी पाहण्यासारखी आहे. काचेच्या लांब नळीत छोटे रूळ टाकले. रुळांवर एक इवलीशी गाडी ठेवली आणि तिच्यावर ओळीने वेगवेगळ्या धातूंचे तुकडे बसवले. गाडीला रेशमी दोरी बांधली. तिची टोके पितळी फिरक्यांवर गुंडाळलेली, त्यामुळे निर्वात नळी न उघडता फिरकी फिरवून हवा तो धातू कॅथोड किरणांच्या माऱ्याखाली आणता येई. धातूतून निघालेले क्ष-किरण अरुंद फटीतून पोटॅशिअम फेरोसायनाइडच्या स्फटिकावर पडत आणि तिथून परावर्तित होऊन छायाचित्राच्या काचेवर रेघा उमटवत. हे किरण इतके दुबळे, की साधी हवाही त्यांना अडवते, म्हणून स्फटिक आणि काच ज्या पेटीत ठेवलेली, तीही निर्वात करावी लागे. एकदा मांडणी जमली की काम भराभर चालले. रेघा उमटायला थोडी मिनिटेच पुरत. पूर्वी अशा एकेका मोजणीला कितीतरी वेळ लागे. आता एक धातू सरकवून दुसरा आणायचा, की दुसऱ्याची नोंद तयार.

कॅल्शिअमपासून जस्तापर्यंतच्या दहा मूलद्रव्यांच्या पट्ट्या त्याने एकाखाली एक लावल्या. प्रत्येकात दोन ठळक रेघा होत्या आणि पट्टीगणिक त्या एका दिशेने पायरीपायरीने सरकत होत्या. जस्ताच्या जागी त्याने पितळ वापरले होते, तर त्या पट्टीत जस्ताच्या रेघांबरोबर तांब्याच्याही रेघा आल्या. कोबाल्टचा नमुना अशुद्ध होता, त्यात लोखंड आणि निकेल मिसळलेले असल्याचे रेघांनीच सांगितले. मग त्याने वारंवारितेचे वर्गमूळ काढून एका ठरावीक मापाने भागले आणि आकडे ओळीत मांडले: कॅल्शिअम १९.००, टायटॅनिअम २०.९९, व्हॅनेडिअम २१.९६, क्रोमिअम २२.९८, मँगनीज २३.९९, लोखंड २४.९९, कोबाल्ट २६.००, निकेल २७.०४, तांबे २८.०१, जस्त २९.०१. प्रत्येक पायरी एकाची, अगदी थोड्या फरकाने. कॅल्शिअम आणि टायटॅनिअम यांच्यात मात्र दोनाचे अंतर, कारण मधले स्कँडिअम त्याच्याकडे नव्हते. एक मूलद्रव्य गाळले की आकड्यांनीही एक जागा मोकळी ठेवली. आणि वजनाने जड असलेला कोबाल्ट निकेलच्या आधी आला, रसायनतज्ज्ञांना हवा होता तिथेच.

या आकड्यांत एक मिळवला की आजचा अणुअंक मिळतो. तो एक कमी का पडतो, याचे उत्तर अणूच्या रचनेत आहे. बाहेरचा मारा सर्वांत आतल्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. त्या रिकाम्या जागी वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि उतरताना सुटलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. केंद्रकावर प्रभार जितका जास्त, तितकी ओढ जास्त आणि किरणही तितका जोरकस. मात्र आतल्या कक्षेत दोन इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी एक उडाला तरी दुसरा तिथेच असतो आणि केंद्रकाचा एक प्रभार झाकून टाकतो. म्हणून उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनला केंद्रक एकाने कमी भासते. बोरच्या सिद्धांताला मिळालेले हे सुरुवातीचे मोठे पाठबळ होते. केंद्रक आणि त्याभोवतालच्या कक्षा हे कागदावरचे चित्र आता मोजपट्टीवर उतरले होते.

हा लेख 'फिलॉसॉफिकल मॅगझीन'च्या डिसेंबर १९१३ च्या अंकात आला. तोवर मोझ्ली ऑक्सफर्डला परतला होता. तिथे पगार नव्हता, पण आई जवळ होती आणि प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. एप्रिल १९१४ मध्ये दुसरा लेख आला, त्यात त्याने अॅल्युमिनिअमपासून सोन्यापर्यंत मजल मारली. त्यातून निघालेला निष्कर्ष असा: १३ ते ७९ या क्रमांकांमध्ये फक्त तीन जागांचे मूलद्रव्य अजून कोणाला माहीत नाही. त्या जागा ४३, ६१ आणि ७५. पुढे ७२ चीही भर पडली, कारण तिथे धरलेले मूलद्रव्य प्रत्यक्षात नव्हतेच.

दुर्मिळ मृदांचे थोर जाणकार जॉर्ज उर्बेन १९१४ मध्ये पॅरिसहून मुद्दाम ऑक्सफर्डला आले. वर्षानुवर्षे स्फटिकीकरण करून वेगळे केलेले नमुने त्यांनी बरोबर आणले होते. त्यांत 'सेल्टिअम' नावाचे, त्यांच्या मते नवे असलेले मूलद्रव्यही होते. मोझ्लीने नमुने गाडीवर चढवले आणि त्यांत अर्बिअम, थुलिअम, इटर्बिअम आणि ल्युटेशिअम आहेत, कोणते किती प्रमाणात आहे, हे थोड्याच वेळात सांगितले. सेल्टिअमचा त्यात मागमूस नव्हता. आपल्या दाव्यावर पाणी फिरले असूनही उर्बेन या पद्धतीने भारावून गेले आणि पुढे त्यांनी तिची मनापासून वाखाणणी केली. ज्याने अर्धे आयुष्य एका प्रश्नाला दिले त्याने दुसऱ्याच्या नव्या साधनाला असा मान द्यावा, ही विज्ञानातली मला फार मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन ऑस्ट्रेलियात भरणार होते. मोझ्ली आईला घेऊन तिकडे गेला आणि ते दोघे तिथे असतानाच युद्ध पेटल्याची बातमी आली. मायदेशी परतून तो सैन्यात भरती झाला. घरच्यांनी थांबवून पाहिले, त्याने ऐकले नाही. रॉयल इंजिनिअर्समध्ये संदेशवहनाचा अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली आणि १९१५ च्या जूनमध्ये तो पूर्वेकडे निघाला. आघाडीवर जाण्यापूर्वी मृत्युपत्र करून त्याने आपली मालमत्ता आणि उपकरणे संशोधनासाठी रॉयल सोसायटीला दिली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गॅलिपोलीच्या चुनुक बैर या डोंगरधारेसाठी तुंबळ लढाई सुरू झाली. आपल्याकडच्या गुरखा पलटणीही त्याच उतारावर लढत होत्या आणि मोझ्लीची ३८ वी ब्रिगेड त्यांना कुमक म्हणून चढत होती. १० ऑगस्टला पहाटे मुस्तफा कमाल यांच्या नेतृत्वाखाली तुर्की सैन्याने वरून जोरदार प्रतिहल्ला चढवला. ब्रिगेडचा सेनापती त्या दिवशी पडला. टेलिफोनवरून हुकूम पोचवत असताना मोझ्लीच्या डोक्यात गोळी लागली. तो २७ वर्षांचा होता.

त्याच्या सोबत्यांचीही पांगापांग झाली होती. गायगर जर्मन तोफखान्यात होता. जेम्स चॅडविक युद्ध सुरू झाले तेव्हा बर्लिनमध्ये सापडला आणि पुढची चार वर्षे रूहलेबेनच्या छावणीत नजरकैदेत राहिला. एकाच टेबलाभोवती बसणारी माणसे एकमेकांविरुद्धच्या सैन्यांत विभागली गेली. अशा माणसाची देशाला प्रयोगशाळेत कितीतरी जास्त गरज होती, असे रदरफोर्ड यांनी 'नेचर'मध्ये कळवळून लिहिले. हे लिहिणे फक्त शिष्याच्या शोकापुरते नव्हते. शास्त्रज्ञांना युद्धात कुठे वापरायचे, याविषयी राज्यकर्त्यांना दिलेली ती समज होती.

मोझ्लीने मोकळ्या ठेवलेल्या जागा पुढे एकेक करून भरल्या. ७२ क्रमांकाचे हाफ्निअम कोपनहेगनमध्ये डर्क कॉस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी शोधले, तेही मोझ्लीच्याच क्ष-किरण पद्धतीने. हे मूलद्रव्य झिर्कोनिअमसारखे असेल या बोरच्या तर्कावरून त्यांनी झिर्कोनिअमच्या खनिजातच त्याचा शोध घेतला, आणि जानेवारी १९२३ मध्ये तो जाहीर झाला. ७५ वे ऱ्हेनिअम १९२५ मध्ये सापडले. ४३ वे टेक्नेशिअम १९३७ मध्ये पालेर्मोत आणि ६१ वे प्रोमेथिअम १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज इथे, ही दोन्ही अणुकेंद्रकांवरच्या प्रयोगांतून मिळाली. ती स्थिर नाहीत, म्हणूनच खनिजांत शोधणाऱ्यांच्या हाती ती लागली नव्हती.

वजनाने का फसवले, याचाही उलगडा झाला. केंद्रकात धनप्रभारी प्रोटॉन असतात आणि त्यांची संख्या म्हणजेच अणुअंक. त्यांच्याबरोबर प्रभार नसलेले न्यूट्रॉनही असतात. ते चॅडविकने १९३२ मध्ये शोधले. न्यूट्रॉन कमीअधिक झाले की वजन बदलते, मूलद्रव्य तेच राहते. अशा भावंडांना आपण समस्थानिके म्हणतो. पृथ्वीवरच्या आरगॉनचा बहुतांश भाग ४० वजनाचा आणि पोटॅशिअमचा बहुतांश ३९ चा, म्हणून सरासरीत आरगॉन जड भरतो. प्रोटॉन मात्र आरगॉनमध्ये १८ आणि पोटॅशिअममध्ये १९. मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांचे ऐकले ते बरोबरच होते. त्यामागचे कारण कळायला अणूच्या पोटात शिरावे लागले.

हे ज्ञान आज किती साध्या ठिकाणी कामाला येते! सराफाच्या दुकानात जुना दागिना यंत्रात ठेवतात आणि काही क्षणांत सोने, चांदी, तांबे यांचे प्रमाण पडद्यावर येते. ते यंत्र दागिन्यावर क्ष-किरण टाकते आणि परत येणाऱ्या खास किरणांवरून प्रत्येक धातूचा क्रमांक ओळखते. सोन्यात कोणी इरिडिअम मिसळले तर निव्वळ वजन-आकारमानावरून ते पकडणे कठीण, कारण इरिडिअमही भारीच. यंत्राला मात्र ७७ आणि ७९ वेगळे दिसतात. हे किरण वरच्या थरापुरतेच पोचतात, म्हणून अखेरचा निवाडा भट्टीतल्या परीक्षेचा, पण पहिली पारख मोझ्लीच्या नियमाने होते. २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या प्रज्ञान रोव्हरवरच्या एका उपकरणाने तिथल्या मातीतली मूलद्रव्ये ओळखली, तीही अशाच खास क्ष-किरणांवरून.

फ्रेडरिक सॉडी यांनी पुढे म्हटले, की मोझ्लीने मूलद्रव्यांची जणू हजेरी घेतली. त्याच्या कामाचे मर्म यात आले. त्याने स्वतः एकही नवे मूलद्रव्य शोधले नाही. पण हायड्रोजनपासून युरेनिअमपर्यंत एकूण जागा ९२, त्याहून एक जास्त नाही की एक कमी नाही, हे त्याच्यानंतर छातीठोकपणे म्हणता येऊ लागले. लोखंड २६ वे आणि कोबाल्ट २७ वे असेल, तर त्या दोघांच्या मध्ये दुसरे काहीही असू शकत नाही, या पृथ्वीवर नाही आणि कोणत्याही ताऱ्यावर नाही. निसर्गाविषयी इतके ठाम विधान माणसाला फार थोड्या वेळा करता आले आहे. आज सारणी ११८ पर्यंत पोचली आहे आणि तिच्यात भर पडते ती फक्त शेवटाला. मधल्या यादीवरचा वाद मोझ्लीने कायमचा मिटवला.